पिकअपची टाकी आणि गाडीची खरी मजल: खानदेशातील नव्या मालकांसाठी मार्गदर्शन

पिकअप घ्यायला शोरूममध्ये गेले की दोन आकडे हमखास कानांवर पडतात, एक टाकीच्या लिटरचा आणि दुसरा ॲव्हरेजचा. नवा मालक या दोहोंचा गुणाकार करतो, ६० लिटरला १६ ने गुणून ९६० किलोमीटर काढतो आणि रावेरला टाकी फुल केली की वाशीला माल उतरवून परत रावेरच्या जवळपास येता येईल, असे घरी येऊन सांगतो. प्रत्यक्षात भरलेल्या गाडीची ती टाकी परतीच्या वाटेवर नाशिक ओलांडल्यानंतर, चांदवडच्या अलीकडे-पलीकडे संपते. यात शोरूमवाल्याने खोटे सांगितलेले नसते आणि गाडीतही दोष नसतो. तो गुणाकारच चुकीच्या आकड्यांचा असतो. बरोबर आकडे कोणते आणि ते स्वतः कसे काढायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. आधी फेरी लिहून काढा

गाडी पसंत करण्यापूर्वी, किंवा घेतली असेल तर पहिल्याच महिन्यात, आपण कोणत्या रस्त्यावर कोणता माल नेणार आहोत हे कागदावर लिहावे. खानदेशात पिकअपची कामे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात आणि तिन्हींसाठी टाकीची गरज वेगळी असते.

पहिला प्रकार शिवारातला. रावेर, यावल, चोपडा भागात बागेतून केळी काढून पॅकहाऊसपर्यंत पोहोचवणे, किंवा खेड्यातून कापूस जिनिंगवर नेणे. दिवसभरात किलोमीटर फार होत नाहीत, रोज संध्याकाळी गाडी घरी येते आणि पंप नेहमीच्या वाटेवर असतो. येथे ३० लिटरची टाकीही पुरते.

दुसरा प्रकार महामार्गावरचा. जळगावहून धुळे, नवापूरमार्गे सुरत साधारण ३१० किलोमीटर पडते. रावेरहून धुळे, नाशिकमार्गे वाशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. या रस्त्यांवर पंपांची टंचाई नाही. त्यामुळे प्रश्न अडकून पडण्याचा नसून कोठे भरायचे याचा असतो.

तिसरा प्रकार सातपुड्यातला. शहाद्याहून तोरणमाळकडे, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे किराणा, सिमेंट, खत नेणाऱ्या गाड्यांचे किलोमीटर कमी दिसतात, पण डिझेल जास्त जाते आणि पंप जवळजवळ नाहीत. टाकी मोठी असण्याचा खरा उपयोग याच लोकांना होतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

२. टाकीचा छापील आकडा समजून घ्या

छोटा हत्ती वर्गातल्या गाड्यांची टाकी साधारण ३० लिटरच्या आसपास असते, तर मोठ्या मालवाहू पिकअपची ४५ ते ६० लिटरच्या दरम्यान. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये टाकीची मापे वेगळी असू शकतात. म्हणून मित्राच्या गाडीवरून अंदाज न बांधता, आपण घेत असलेल्या मॉडेलच्या मालक-पुस्तिकेतील तांत्रिक माहितीच्या पानावर लिहिलेला आकडाच धरावा.

हा आकडा म्हणजे टाकीत मावणारे शेवटच्या थेंबापर्यंतचे माप नव्हे. डिझेल उन्हाने प्रसरण पावते, म्हणून कंपनी टाकीत वर थोडी जागा मोकळी धरते आणि ती जागा वगळून क्षमता छापते. शिवाय भरण्याच्या नळीतही थोडे डिझेल राहते. त्यामुळे ६० लिटरच्या टाकीत कधी ६२-६३ लिटर गेल्याची पावती मिळाली, तर तेवढ्यावरून पंपवाल्याला चोर ठरवू नये. नोझल एकदा आपोआप बंद झाल्यावरही हलवून-हलवून काठोकाठ भरून घेतले, की असे होते. एप्रिल-मे महिन्यांत तसे भरूच नये. जमिनीखालच्या टाकीतून आलेले गार डिझेल जळगाव-भुसावळच्या उन्हात पंधरा अंशांनी तापले, तर ६० लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास वाढते आणि झाकणातून पाझरते.

खालच्या बाजूचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. काटा तळाला टेकला तरी टाकीत काही डिझेल असते. मात्र ते चालवण्यासाठी ठेवलेले आहे असे समजू नये. तळाशी गाळ आणि पाणी साचते. शिवाय चढावर गाडी मागे कलली की डिझेल एका बाजूला सरकते आणि ओढणारी नळी उघडी पडते. कोंडाईबारी घाटात किंवा चांदसैलीच्या वळणावर काटा तळाला असताना गाडी धक्के देऊ लागते, त्याचे कारण बहुधा हेच असते. सपाटीवर तीच गाडी आणखी काही किलोमीटर गेली असती.

म्हणून ६० लिटरच्या टाकीतले १० लिटर आपले नाहीत असे समजून हिशेब ५० वर करावा. लहान टाकीत ५ लिटर बाजूला ठेवावेत.

३. आपले ॲव्हरेज आपण काढा

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने काढलेला असतो. तो दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी पडतो, पण प्रवासाचे नियोजन त्यावर करता येत नाही. डॅशबोर्डवर दिसणारे ॲव्हरेजही अंदाजाचेच असते. खात्रीची पद्धत एकच, टाकी फुल ते टाकी फुल.

शक्यतो एकाच पंपावर, एकाच मशीनवर, गाडी सपाट जागी उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरावे आणि तेथेच थांबावे. किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. टाकी निम्म्याहून जास्त रिकामी होईपर्यंत गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंतच भरावे. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे आपले ॲव्हरेज. दहा-पंधरा लिटरवर काढलेले ॲव्हरेज फसवे असते, कारण नोझल अर्धा लिटर अलीकडे-पलीकडे बंद झाला तरी उत्तर बरेच बदलते. ४० लिटरवर तोच फरक नगण्य ठरतो.

एक ॲव्हरेज काढून थांबू नये. भरलेल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि घाट रस्त्याचे अशी तीन वेगळी पाने वहीत ठेवावीत आणि प्रत्येकाची किमान तीन-चार भरणी झाल्यावरच त्या आकड्यावर विश्वास ठेवावा. बहुतेक जण जाताना भरलेली आणि येताना रिकामी, अशा दोन्ही प्रवासांचे मिळून एकच ॲव्हरेज काढतात आणि मग भरलेल्या गाडीला तेच लावतात. फसगत होते ती येथे.

टायरकडेही लक्ष असावे. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील, तर किलोमीटरचा आकडा प्रत्यक्ष अंतरापेक्षा कमी दाखवला जातो आणि ॲव्हरेज उगाचच कमी निघते. टायर झिजून गुळगुळीत झाले की याच्या उलट होते. महामार्गाकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी एकदा पडताळणी करून घ्यावी.

४. ॲव्हरेज कोठे गळते ते ओळखा

वजनाचा परिणाम सर्वांना कळतो, उंचीचा मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतो. कापसाचेच पाहा. वजनकाट्यावर कापूस हलका निघतो, म्हणून फाळक्यांच्या वर बांबू उभे करून, जाळी आणि ताडपत्री बांधून तो केबिनच्या कितीतरी वर रचला जातो. अशी गाडी म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास तो जवळपास पावणेदोन पट होतो. धुळे-सुरत रस्त्यावर उंच रचलेल्या गाडीने वेग ६० च्या आसपास ठेवला, तर वाचलेले डिझेल वहीत उघड दिसते. ताडपत्रीचे सुटे टोक फडफडत राहिले तरी डिझेल जाते. दोर आवळून बांधणे हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

केळीच्या फेऱ्यांमध्ये गळती वेगळ्या ठिकाणी असते. बागेच्या बांधावर घड भरले जात असताना इंजिन चालूच ठेवण्याची सवय असते. मऊ मातीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढावी लागते. मग पॅकहाऊसबाहेर रांगेत पुन्हा इंजिन चालू. किलोमीटर शून्य, डिझेल चालू. अशा कामाचा हिशेब किलोमीटरवर न करता दिवसाला किती लिटर लागले यावर करणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि भाडे ठरवतानाही तोच आकडा डोळ्यांसमोर असावा.

घाट, हवा कमी असलेले टायर, चोंदलेले एअर फिल्टर आणि अडकून राहिलेला ब्रेक ही बाकीची कारणे. शेवटचे कारण तपासणे सोपे आहे. काही किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात न लावता न्यावा; एकाच चाकाची ऊब इतरांपेक्षा जास्त जाणवली, तर ती गाडी मेस्त्रीला दाखवावी.

जादा वजन भरून फेरी वाचवण्याच्या मोहात पडू नये. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनापेक्षा जास्त भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. त्या एका पावतीत कित्येक टाक्यांचे डिझेल जाते.

५. आता मजलेचा हिशेब मांडा

सूत्र सोपे आहे. टाकीतील वापरता येणारे लिटर गुणिले त्या फेरीचे खरे ॲव्हरेज. रावेर-वाशीचेच उदाहरण घेऊ. टाकी ६० लिटर, वापरता येणारे ५०. समजा वहीप्रमाणे भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज ११ आणि रिकाम्या गाडीचे १४ आहे.

भरलेल्या गाडीची मजल ५५० किलोमीटर येते. अंतर ४९० धरले, तर वाशीपर्यंत ४४ ते ४५ लिटर जातात आणि टाकीत १५ उरतात. त्यांतले १० आपले नाहीत. उरलेल्या ५ लिटरवर रिकामी गाडी ७० किलोमीटर जाईल, म्हणजे कसारा घाटाच्या पायथ्याशीही धड पोहोचणार नाही. म्हणून परतीचे डिझेल वाशीहून निघतानाच भरणे भाग आहे. परतीला ३५ लिटर लागतात. पूर्ण फेरीला ८० लिटर झाले. टोयोटा हायलक्सची टाकी नेमकी ८० लिटरची आहे. आपल्या पिकअपला तेवढी टाकी असती, तरी हाताशी काहीच उरत नसल्याने ही फेरी एका भरणीत सुखरूप होणार नव्हती. मध्ये एकदा भरावेच लागते, हे एकदा मान्य केले की मोठ्या टाकीचा हट्ट कमी होतो.

परतीला भाडे मिळाले, तर हिशेब लगेच बदलावा. रिकाम्या फेरीचे १४ धरून बसलेले चालक नाशिकहून अर्धा माल भरतात आणि काट्याकडे पाहायचे विसरतात.

काट्याबद्दलही सांगितले पाहिजे. टाकी वर रुंद आणि खाली निमुळती किंवा वेडीवाकडी असल्यामुळे काट्याचे चारही भाग सारखे नसतात. बहुतेक गाड्यांत पहिला पाव भाग उतरायला बराच वेळ लागतो आणि अर्ध्याखाली काटा भराभर उतरतो. आपल्या गाडीत पाव काट्यावर किती लिटर बसतात, हे एकदा त्या खुणेवर टाकी फुल करून पाहावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. महामार्गावर पाव काटा आणि सातपुड्यात अर्धा काटा ही भरण्याची वेळ समजावी. धडगाव किंवा तोरणमाळला निघताना तळोदा किंवा शहाद्यातच टाकी भरलेली असावी.

६. मोठी टाकी घ्यावी का

मोठ्या टाकीमुळे वजन वाढून माल कमी बसतो, असे सांगितले जाते. त्यात फारसे तथ्य नाही. डिझेलचा लिटर साधारण ८३० ग्रॅम भरतो, म्हणजे २० लिटर जादा डिझेल १७ किलोच्या आतबाहेर होते, एका केळीच्या घडाएवढे. खरा प्रश्न पैशांचा आणि चोरीचा आहे. टाकीत पडून राहिलेल्या डिझेलचे पैसे धंद्यात फिरत नाहीत आणि रात्री ढाब्यावर उभ्या गाडीतून नळी टाकून डिझेल काढणारे भरलेल्या टाकीवरच नजर ठेवतात. कुलपाचे झाकण बसवणे आणि टाकीची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीकडे करून उभे करणे, एवढे तरी करावे.

इंटरनेटवर अमेरिकन पिकअपच्या चित्रफिती पाहून आपल्या गाड्यांना इतक्या लहान टाक्या का, असे बरेच जण विचारतात. फोर्ड एफ-१५० ला ३६ गॅलनची टाकी मिळते, ती १३६ लिटरची होते. पण तो गॅलन ३.७८५ लिटरचा असतो आणि तेथील वीस मैल प्रति गॅलन म्हणजे आपले साडेआठ किलोमीटर प्रति लिटर. मैल प्रति गॅलनच्या आकड्याला ०.४२५ ने गुणले की आपला आकडा मिळतो. जास्त पिणाऱ्या इंजिनाला मोठी टाकी द्यावीच लागते.

बाहेरून जादा टाकी बसवून घेणे टाळावे. उत्पादकाने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो. चासीला वेल्डिंगने लटकवलेली टाकी खडीच्या रस्त्यावर फुटते, ते निराळेच.

७. सीएनजी पिकअप घेत असाल तर

येथे लिटरचा सापळा आहे. सिलिंडरचे माप पाण्याच्या लिटरमध्ये, म्हणजे आत किती पाणी मावेल त्यावरून, सांगितले जाते आणि गॅस किलोमध्ये मिळतो. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण १० किलो गॅस बसतो, तोही २०० बारचा पूर्ण दाब मिळाला तर. पंपावर गर्दी असली की दाब पुरेसा मिळत नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी सिलिंडर तापलेला असला की तेवढ्याच दाबाला गॅस कमी बसतो. म्हणून पहाटे भरणारे फायद्यात राहतात. आपल्या फेरीच्या वाटेवर सीएनजी पंप कोठे-कोठे आहेत आणि तेथे रांग किती लागते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय गाडी बुक करू नये. सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी दाब-चाचणी आणि तिची पाटी जुनी गाडी घेताना आवर्जून पाहावी.

८. पंपावर

मशीनवर शून्य पाहावे, दर पाहावा, छापील पावती घ्यावी. रुपयांच्या गोल आकड्यात भरण्याची सवय असेल, तर निदान ॲव्हरेज काढण्याच्या वेळी टाकी फुल करावी. मापाची शंका असल्यास पंपावरच्या ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचे कर वेगळे असल्याने नवापूर किंवा पळासनेरच्या सीमेपाशी कोणत्या बाजूला भरणे परवडते, हे त्या दिवसाचा दर पाहून ठरवावे. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

गाडीला निळ्या झाकणाची वेगळी टाकी असेल, तर ती डीईएफची, म्हणजे ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाची असते. त्यात डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत ते द्रावण गेले, तर चावीसुद्धा न फिरवता मेस्त्रीला बोलवावे. हे द्रावण संपले तर डिझेल असूनही गाडीची ताकद कमी होते आणि पुढे इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे मजलेच्या हिशेबात हीही एक टाकी धरावी.

९. गाडीत काय-काय असावे

कागदांत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, फिटनेस, मालवाहतुकीचा परवाना आणि चालकाचे लायसन्स हे आलेच. त्यांच्याबरोबर मालक-पुस्तिका, ॲव्हरेजची वही, डिझेलच्या पावत्या आणि वजनकाट्याची शेवटची पावती ठेवावी. सामानात टायरची हवा मोजण्याचा गेज, जाळीचे नरसाळे, एक जादा डिझेल फिल्टर, तो उघडण्याचा पाना आणि टॉर्च. डिझेल आणण्यासाठी रिकामा, स्वच्छ, घट्ट झाकणाचा कॅन असावा. भरलेला कॅन केबिनमध्ये ठेवून फिरू नये.

१०. तरीही डिझेल संपलेच तर

गाडी धक्के देऊ लागताच ती कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. पूर्ण बंद पडेपर्यंत रेटू नये, कारण आजच्या इंजिनातील उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते आणि कोरडा फिरला तर तो खराब होतो. त्याची दुरुस्ती महाग आहे. धोक्याचे दिवे लावून त्रिकोण मागे ठेवावा.

कॅनमधले डिझेल नरसाळ्याच्या जाळीतून ओतावे. दोन लिटर टाकून भागत नाही. चढावर उभ्या गाडीत ते नळीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून पाच ते दहा लिटर आणावेत. लगेच स्टार्टर मारत बसू नये. फिल्टरजवळचा हातपंप तो कडक लागेपर्यंत दाबत राहावे, म्हणजे पाइपातली हवा निघते. काही गाड्यांत हातपंप नसतो आणि चावी काही वेळा नुसती चालू-बंद करून विजेच्या पंपाने डिझेल ओढावे लागते. आपल्या गाडीत काय आहे हे पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावे. मग स्टार्टर दहा सेकंदांहून जास्त न लावता, मध्ये अर्धा मिनिट थांबत प्रयत्न करावा. तीन-चार प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही, तर बॅटरी उतरवण्याऐवजी मेस्त्री बोलवावा. सुरू झाले तर जवळच्या पंपावर टाकी भरावी आणि पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता डिझेल फिल्टरमधले पाणी काढून घ्यावे, कारण तळचा गाळ एव्हाना तेथे येऊन बसलेला असतो.